पक्ष आणि दल : तेलंगण लढ्याच्या कथनांतील एक न सुटलेला प्रश्न

तेलंगणातील शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन तेलुगू व इंग्रजी भाषांत असल्यामुळे, आणि त्यावर पक्षीय लेखनाचा शिक्का बसल्यामुळे, हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी वाचकांनी त्याकडे फारसे लक्ष पुरविलेले नाही. आमच्या स्मरणातील मुक्तिसंग्राम म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ, स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, सरहद्दीवरील कॅम्प, रझाकारांचे अत्याचार आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाई. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ आणि नरहर कुरुंदकरांचे लेखन यांनी या स्मरणाला भक्कम वैचारिक बैठक दिली, यात शंका नाही. परंतु त्याच संस्थानात, त्याच वर्षांत, नलगोंडा आणि वरंगळ जिल्ह्यांतील शेतकरी जमिनीसाठी लढत होते. त्यांचा लढा पोलीस कारवाईने संपला नाही. तो पुढे आणखी तीन वर्षे चालला. या वेळी समोर निजामाचे सैन्य नव्हते, स्वतंत्र भारताचे होते. आमच्या स्मरणाची चौकट येथे अपुरी पडते.

या लढ्याची सूत्रे कम्युनिस्ट पक्षाकडे होती, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ते खोटे नाही. पण पुरेसे खरेही नाही. पक्षाने दले उभारली, की गावागावांतून उभ्या राहिलेल्या दलांनी पक्षाला आपल्यामागे ओढले? लढा सुरू करण्याचा अधिकार कोणाचा होता आणि तो थांबविण्याचा कोणाचा? या प्रश्नांची उत्तरे लढ्यात प्रत्यक्ष सहभागी असलेल्यांनी परस्परविरोधी दिली आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काही प्रमुख कथनांचा विचार करावयाचा आहे. कोणत्या पक्षाची भूमिका बरोबर होती, याचा निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. एखादे पुस्तक काय सांगते, काय सांगण्याचे टाळते आणि ते कोणाच्या मुखाने बोलते, एवढे पाहण्याचा अधिकार मात्र प्रत्येक वाचकाला असतो.

प्रथम घटनाक्रमाची थोडक्यात उजळणी करणे इष्ट होईल. १९३० साली स्थापन झालेली आंध्र महासभा आरंभी भाषा, शिक्षण व सुधारणा यांपुरती मर्यादित होती. १९४४ च्या भोनगीर अधिवेशनात रावी नारायण रेड्डी तिचे अध्यक्ष झाले, मवाळ मंडळी बाहेर पडली आणि महासभा गावोगावी ‘संघम’ या नावाने ओळखली जाऊ लागली. वेट्टी, म्हणजे आपल्याकडील वेठबिगार, बेकायदा वसुली आणि कुळांची हकालपट्टी यांविरुद्ध संघम उभा राहिला. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात विसनूरच्या देशमुखाच्या माणसांनी मिरवणुकीवर गोळीबार केला आणि त्यात दोड्डी कोमरय्या हा तरुण मारला गेला. पालकुर्तीच्या ऐलम्मा या परीट स्त्रीने त्याच देशमुखाशी आपल्या शेतातल्या पिकासाठी झुंज दिली ती याच सुमारास. या वेळी लोकांच्या हाती काठ्या, गोफणी, मुसळे आणि मिरचीची पूड होती, बंदुका नव्हत्या. ११ सप्टेंबर १९४७ रोजी रावी नारायण रेड्डी, बद्दम येल्ला रेड्डी आणि कवी मखदूम मोहिउद्दीन यांनी सशस्त्र लढ्याची हाक दिली. म्हणजे कोमरय्याच्या मृत्यूनंतर चौदा महिन्यांनी. हा काळ ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पक्षाची हाक येण्यापूर्वीच गावे उठलेली होती.

या विषयावरील सर्वांत मोठा ग्रंथ पी. सुंदरय्या यांचा. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या या इंग्रजी ग्रंथात तेलंगणातील जनतेचा लढा आणि त्यापासून घ्यावयाचे धडे सांगितले आहेत. सुंदरय्या त्या वेळी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होते. त्यांच्या हिशेबाप्रमाणे लढा सुमारे ३,००० गावांत पसरला होता. सुमारे ३० लाख लोकवस्ती व १६,००० चौरस मैलांचा प्रदेश त्याच्या प्रभावाखाली होता. १० लाख एकर जमीन वाटली गेली. ग्रामदलांत सुमारे १०,००० आणि नियमित गनिमी दलांत सुमारे २,००० माणसे होती. जवळजवळ ४,००० कार्यकर्ते व शेतकरी मारले गेले आणि १०,००० हून अधिक लोकांना तीन-चार वर्षे तुरुंगात व छावण्यांत राहावे लागले. या आकड्यांची स्वतंत्र छाननी करणे कठीण आहे. ते लढ्याच्या नेत्याने दिलेले आकडे आहेत, हे समजूनच वाचले पाहिजेत.

आमची हयात सरकारी नोकरीत अहवाल वाचण्यात व लिहिण्यात गेली. त्यामुळे या ग्रंथाची घडण आम्हांस लगेच ओळखू आली. हा एक अहवाल आहे. विभागवार माहिती, ठरावांचे उतारे, कारवायांच्या नोंदी, हुतात्म्यांची नावे व गावे, चुकांची क्रमवार यादी, असा त्याचा सारा थाट आहे. अहवालाचे जे गुण असतात ते येथे आहेत. नाव, गाव आणि मृत्यूचे स्थळ लिहून ठेवण्याचा सुंदरय्यांचा आग्रह या ग्रंथाला एक गंभीर सौंदर्य देतो. ज्यांची नोंद कोणत्याही दफ्तरात झाली नसती, त्या गुराख्यांची, शेतमजुरांची, कोया आदिवासींची नावे येथे टिकून राहिली. परंतु अहवालाचा दोषही येथे आहे. बहुतेक वाक्यांचा कर्ता पक्ष आहे. पक्षाने ठरविले, पक्षाने सूचना दिली, पक्षाकडून चूक झाली. शेतकरी पानोपानी आहेत. ते लढतात आणि मरतात, पण क्वचितच बोलतात.

आणि तरीही, लेखकाच्या हातून निसटून, शेतकरी एके ठिकाणी फार स्पष्टपणे बोलून जातो. जमीनवाटपाची कमाल मर्यादा किती असावी, याचा इतिहास सुंदरय्यांनी दिला आहे. आरंभी ५०० एकरांच्या वरची जमीन वाटावयाची असे ठरले. मग ती मर्यादा २०० एकरांवर आली. पुढे कोरडवाहू १०० एकर व बागायती १० एकर अशी खाली आली. आमच्या मते संपूर्ण ग्रंथातील ही सर्वांत बोलकी नोंद आहे. पाचशे एकरांची मर्यादा कागदावर पुरोगामी दिसते, पण एखाद्या गावात ती लावली तर वाटण्यास जमीन उरतच नाही. हे गावकऱ्याला पहिल्या दिवशी कळले असणार. मर्यादा दोन वेळा बदलली, याचा अर्थ पक्ष शिकवीत असताना शिकतही होता आणि शिकविणारा गावकरी होता. पक्ष आणि दल यांच्या नात्याविषयीचा खरा पुरावा ठरावांच्या उताऱ्यांपेक्षा या तीन आकड्यांत अधिक आहे.

सुंदरय्यांच्या ग्रंथाच्या पुढच्याच वर्षी, १९७३ साली, रावी नारायण रेड्डी यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. पुस्तक लहान आहे. रेड्डी हे नलगोंड्याचे. सुंदरय्या हे नेल्लोर जिल्ह्यातले, म्हणजे ब्रिटिश अमलाखालच्या आंध्रातले. हा भेद केवळ भूगोलाचा नाही. आंध्र प्रांतिक पक्षाचे केंद्र विजयवाड्याला होते. तेथून माणसे, पैसा व शस्त्रे येत आणि तेथूनच आदेशही येत. जमीन व रक्त मात्र तेलंगणाचे होते. रेड्डी यांच्या आठवणींतून ही सल वाचकाला जाणवल्याशिवाय राहत नाही.

रेड्डींचे म्हणणे असे की, निजामाविरुद्धचा लढा न्याय्य होता आणि त्याला सर्व थरांतील जनतेचा पाठिंबा होता. परंतु पोलीस कारवाईनंतर तो चालू ठेवणे ही घोडचूक होती. निजामाची राजवट आणि नेहरूंचे सरकार ही एकाच मापाने मोजण्यासारखी नव्हती. मध्यम शेतकरी दूर गेला, दले गावांतून हटून गोदावरीच्या व नल्लमलाच्या जंगलांत गेली आणि उरलेला लढा सामान्य माणसाच्या जिवावर बेतला. सुंदरय्यांचे उत्तर याच्या नेमके उलट आहे. सैन्याबरोबर पळून गेलेले देशमुख गावी परतले, त्यांच्या डोक्यावर आता खादीची टोपी होती आणि वाटलेली जमीन ते परत मागू लागले. अशा वेळी शस्त्रे खाली ठेवणे म्हणजे शेतकऱ्याला उघड्यावर सोडणे झाले असते, असे ते म्हणतात.

दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. पण समीक्षकाने येथे एक गोष्ट विसरता कामा नये. ही पुस्तके १९७२-७३ मध्ये लिहिली गेली, १९५१ मध्ये नव्हे. मधल्या काळात १९६४ साली पक्ष फुटला होता आणि १९६७ साली नक्षलबारी घडली होती. रेड्डी मूळ पक्षात राहिले होते, सुंदरय्या दुसऱ्या पक्षाचे नेतृत्व करीत होते. तेलंगणच्या लढ्यातील आणखी एक प्रमुख कार्यकर्ते देवुलपल्ली वेंकटेश्वरराव हे दोन्ही पक्षांपासून दूर होऊन सशस्त्र मार्गाचा पुरस्कार करीत होते. लढा मागे घेणे हाच विश्वासघात, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा रीतीने एकाच भूतकाळाचे तीन वारस झाले होते आणि प्रत्येकाला वारसाहक्क सिद्ध करावयाचा होता. आमच्या महसुली अनुभवात असे पाहण्यात येते की, वाटणीच्या दाव्यात भाऊ भाऊ वडिलांविषयी खोटे बोलत नाहीत. आपल्या दाव्याला उपयोगी पडेल तेवढेच खरे सांगतात. या तिन्ही ग्रंथांचे तसेच झाले आहे.

लढा मागे घेण्याचा प्रसंग हा या कथनांचा कसोटीचा क्षण आहे. १९४८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कलकत्ता अधिवेशनात पी. सी. जोशी यांच्या जागी बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले. शहरांतील कामगारांचा उठाव हा क्रांतीचा मार्ग, असे त्यांचे मत. आंध्रातील नेत्यांनी त्याच वर्षी माओच्या चीनचा दाखला देऊन खेड्यांतील दीर्घकालीन लढ्याची बाजू मांडली. रणदिव्यांनी तिच्यावर व खुद्द माओवरही टीका केली. १९५० मध्ये रणदिवे पायउतार झाले आणि आंध्राचे चंद्र राजेश्वर राव सरचिटणीस झाले. १९५१ च्या आरंभी राजेश्वर राव, बसवपुन्नय्या, अजय घोष आणि श्रीपाद अमृत डांगे हे चौघे गुप्तपणे मॉस्कोला जाऊन स्टालिनला भेटले. सोव्हिएत दफ्तरे खुली झाल्यानंतर त्या भेटींचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले आहेत. चिनी गनिमांना मित्रराष्ट्राच्या सीमेचा जो आधार होता तो भारतातील गनिमांना नाही, असे स्टालिनचे मत पडले. त्याच वर्षी अजय घोष सरचिटणीस झाले आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा मागे घेतल्याची घोषणा झाली.

या क्रमाकडे जरा निराळ्या बाजूने पाहावे. रणदिवे व डांगे या दोन मराठी माणसांची नावे यात आहेत, म्हणून तो आपल्याला परका वाटू नये. तीन वर्षांत पक्षाचे नेतृत्व तीन वेळा बदलले, मार्गही तीन वेळा बदलला. या काळात जंगलातील दल मात्र एकच होते. आपल्या लढ्याचे भवितव्य आधी कलकत्त्यात व मग मॉस्कोत ठरत आहे, हे त्या दलातील माणसाला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पक्षीय कथनांत हे सर्व मतभेद, दस्तऐवज व ठराव यांच्या भाषेत येते. ‘माघार’ हा शब्द केंद्रीय समितीच्या ठरावात एका ओळीचा असतो. जंगलात तो एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याइतका लांब असतो. त्या लांबीचे वर्णन सुंदरय्यांच्या ग्रंथातही नाही आणि रेड्डींच्या आठवणींतही नाही.

ते सापडते स्त्रियांच्या कथनांत. स्त्री शक्ती संघटना या हैदराबादेतील गटाने लढ्यात भाग घेतलेल्या स्त्रियांना भेटून त्यांची मनोगते नोंदविली. १९८६ साली ती तेलुगूत आणि १९८९ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने आली. ऐलम्मा, मल्लू स्वराज्यम, दूडला सालम्मा, कमलम्मा यांच्यासारख्या स्त्रिया येथे आपल्या शब्दांत बोलतात. वाक्यरचना विस्कळीत आहे, काळाचा क्रम मागेपुढे होतो, एकच घटना दोघींच्या तोंडी दोन तऱ्हांनी येते. इतिहासलेखनाच्या शिस्तीत हा दोष ठरेल. तथापि येथे वाक्याचा कर्ता बदलला आहे. पक्ष आता कर्ता राहिला नाही. तो कधी आधार देणारा, कधी परवानगी देणारा आणि कधी नाकारणारा असा दुसरा कोणीतरी आहे. दलात राहता यावे म्हणून पोटचे मूल दुसऱ्याच्या हाती सोपविणारी कमलम्मा पक्षावर आरोप करीत नाही. ती फक्त काय घडले ते सांगते. त्या सांगण्यापुढे चुकांची क्रमवार यादी फिकी पडते.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, सुंदरय्यांनी आपल्या ग्रंथात स्त्रियांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे आणि दलांतील स्त्री-पुरुषसंबंधांचे प्रश्न झाकून ठेवलेले नाहीत. त्या पिढीच्या पक्षनेत्याकडून हा प्रामाणिकपणा थोडाथोडका नव्हे. पण त्यांच्यासाठी हा संघटनेपुढील एक प्रश्न होता. स्त्रियांसाठी ते आयुष्य होते. लढा संपल्यावर पुरुष कार्यकर्त्यांपैकी अनेकांना पक्षात, कायदेमंडळात काम मिळाले. बहुसंख्य स्त्रियांना घरी जाण्यास सांगण्यात आले. मल्लू स्वराज्यम पुढे तुंगतुर्तीतून दोनदा आमदार झाल्या, हा अपवाद होय. कोंडापल्ली कोटेश्वरम्मा यांचे आत्मकथन ‘निर्जन वारधी’ २०१२ साली आले, तेव्हा त्या नव्वदी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे पती कोंडापल्ली सीतारामय्या यांनी १९८० साली पीपल्स वॉर हा सशस्त्र गट स्थापन केला. पक्षातून दल आणि दलातून पुन्हा दुसरा पक्ष, हा सारा प्रवास एका घरातून गेला आणि त्या घरातील स्त्री एकटी उरली, ही गोष्ट कोणत्याही ठरावात येणे शक्य नव्हते.

आता आपल्याविषयी दोन शब्द. या प्रदेशात स्थायिक झालेल्या जुन्या मराठी घराण्यांपैकी कित्येकांचा संबंध वतनाशी, दफ्तराशी किंवा वकिलीशी होता. लढ्याच्या कथनांत देशमुख, देशपांडे, पटेल, पटवारी हे शब्द ज्या अर्थाने येतात, तो अर्थ आपल्यास रुचणारा नाही. त्यामुळे ही पुस्तके मिटून ठेवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. याच लढ्याने आपल्यापैकी काहींना दुसऱ्या बाजूलाही उभे केले होते. १९५२ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट पक्षावर हैदराबाद राज्यात बंदी असल्यामुळे त्याचे उमेदवार पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या नावाने उभे राहिले. नलगोंड्यातून रावी नारायण रेड्डी यांना खुद्द पंडित नेहरूंपेक्षा अधिक मते पडली. वरंगळ जिल्ह्यातील इप्पागुडा येथून विधानसभेवर निवडून आले ते व्ही. डी. देशपांडे. तेलुगू शेतकऱ्यांनी एका देशपांड्यांना आपला प्रतिनिधी म्हणून पाठविले, ही घटना आमच्या कौटुंबिक आठवणींत जपण्यासारखी असूनही ती जपली गेली नाही.

दुसरेही एक मराठी नाव येथे येते. १८ एप्रिल १९५१ रोजी नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली गावी विनोबाजींना पहिले भूदान मिळाले, शंभर एकरांचे. दलांचा लढा त्या वेळी मागे घेतला गेलेला नव्हता. १९४९ चे जहागिरी निर्मूलन, १९५० चा कूळकायदा आणि १९५१ चे भूदान ही तीन पावले निरनिराळ्या हेतूंनी पडली. परंतु तीनही पावलांच्या मागे जंगलातील त्या काही हजार माणसांची सावली होती, असे म्हणणे वावगे ठरू नये. शासनाने जे दिले ते केवळ सदिच्छेने दिले, असा समज सरकारी नोकरीत राहूनही आमचा झालेला नाही. त्याचबरोबर, बंदुकीनेच सारे मिळाले असे म्हणणाऱ्यांनी कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या तलाठ्याचे व तहसीलदाराचे काम कधी जवळून पाहिलेले नसते, हेही खरे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पक्ष आणि दल यांचे नाते या कथनांतून कसे दिसते? ते मालक व नोकराचे नव्हते आणि शरीर व अवयवाचेही नव्हते. संघमच्या काळात गाव पुढे होते व पक्ष मागून आला. निजामाविरुद्ध दोघे बरोबरीने चालले. पोलीस कारवाईनंतर पक्ष वादात गुंतला आणि दल जंगलात एकटे पडले. अखेर पक्षाने लढा थांबविला, तो थांबविणे आवश्यकही होते. पण ज्यांना शस्त्र उचलावयास सांगितले त्यांना ते ठेवावयास कसे सांगावे आणि त्यानंतर त्यांचे पुढे काय, याचे उत्तर पक्षाजवळ नव्हते. आमच्या मते ही त्या नेतृत्वाची सर्वांत मोठी उणीव होय आणि तिची कबुली तिन्ही पक्षीय ग्रंथांत पुरेशी नाही. मार्ग चुकला की बरोबर होता, यावर शेकडो पाने आहेत. माघारीनंतर घरी परतलेल्या माणसावर मोजकीच.

१७ सप्टेंबर हा दिवस आता दरवर्षी नव्या नावाने साजरा होतो. महाराष्ट्रात तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. २०२२ साली केंद्र शासनाने त्यास हैदराबाद मुक्ती दिन म्हटले, त्याच वर्षी तेलंगण शासनाने राष्ट्रीय एकात्मता दिन म्हटले आणि २०२४ साली तेथील नव्या शासनाने प्रजापालन दिन. डावे पक्ष याच सुमारास सशस्त्र लढ्याचा सप्ताह पाळतात. नावांचा हा वाद चालू राहील. त्यात कोणाची बाजू घ्यावी हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु ठरविण्यापूर्वी सुंदरय्यांचा अहवाल, रेड्डींच्या आठवणी आणि त्या स्त्रियांची मनोगते ही तीन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचावीत, अशी आमची वाचकांस विनंती आहे. पहिल्यातून लढ्याचा विस्तार कळतो, दुसऱ्यातून त्याची मर्यादा आणि तिसऱ्यातून त्याची किंमत. तिन्ही वाचल्यावर जो काही निष्कर्ष निघेल तो निदान आपला स्वतःचा असेल.